अजून खलास नाही

इथल्या करक, म्हणजे कडक दुधाच्या चहात वेलची उकळली की मला ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यातली एक सकाळ आठवते. महिनाअखेरीस आमचं युनिट बंद होणार होतं, त्यामुळे आम्ही फिटर कामाला नुसते हात लावत होतो. आमचा अमेरिकन सुपरवायझर चहाच्या सुट्टीत मोबाइलवर त्यांच्याकडचा फुटबॉल बघत होता, चेंडू काखेत धरून पळायचा तो. त्याची टीम सगळा सीझन हरत आली होती, आणि तेव्हाही हरल्यातच जमा होती. तरी तिचा सगळ्यात चांगला गडी शेवटच्या मिनिटालाही समोरच्याच्या पायांवर झेप घेत होता. मी म्हटलं, "साहेब, टीम खलास. हा कशाला मरतोय?" आम्हा रत्नागिरीवाल्यांचा खलास म्हणजे मेलं, संपलं, पण साहेब ओमानींकडून शिकलेला खलास म्हणजे काम पुरं झालं. तो शांतपणे म्हणाला, "टीम हरली, येस. पण ह्याचं काम अजून खलास नाही." मग कप ठेवून तो बंद होणाऱ्या त्या युनिटमधल्या एका पंपाचे बोल्ट आवळायला एकटाच गेला. आम्ही चहा पीत बसून राहिलो. आता माझा व्हिसा संपायला आठ दिवस उरलेत. फोरमन म्हणतो, "चाचा, बैठो अब." मी बसत नाही.