यंत्रानं निवडलेलं सासर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धामणगाव बढ्याला, सासूबाईंच्या पायाला तेल चोळत होते. हात धुतले आणि नांदुऱ्याची बस धरली. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं… आलं नाही. पुढे शोकसभेत त्याच्या निःपक्षपातीपणाची तोंड भरून स्तुती झाली, तेव्हा मात्र मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बहीण हुंदके देतेय.

माझा थोरला भाऊ हुशार होता, यात वाद नाही. नागपुरात शिकून तो कॉम्प्युटर घेऊन आला, तेव्हा आमच्या गल्लीत तसलं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला होता, निवड एक आणि बघायच्या गोष्टी अनेक अशा पेचासाठी. कपाशीचं कोणतं बियाणं घ्यावं? उतारा, पाणी, कीड, भाव, कशाला किती महत्त्व ते दहापैकी सांगायचं, मग प्रत्येक बियाण्याला गुण द्यायचे. यंत्र गोळाबेरीज करून क्रम लावी. खरंच उपयोगाची गोष्ट होती. लोक लांबून येत आणि दादा कुणाला हिडीसफिडीस करत नसे.

मग माझं लग्न निघालं. स्थळं दोन. जानेफळचा शिक्षक मला बी.एस्सी. पुरी करू देणार होता. धामणगावच्यांकडे शेती होती, दुकान होतं. दादानं मला शेजारी बसवून विचारलं, "तुले काय महत्त्वाचं वाटते?"

"शिक्षण. दहापैकी दहा."

त्यानं दहा टाकले. जानेफळ पहिलं आलं. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. दादानं पडद्याकडे पाहिलं, ओसरीवर बसलेल्या बाबांकडे पाहिलं आणि माझे दहा खोडून शून्य घातलं.

"दादा, हे काऊन केलं?"

"बाबाले शेतीवालं घर पाह्यजे. उगाच भांडण काऊन लावतं?"

बाबा खुशीत सगळ्यांना सांगत सुटले, "मशीन कोनाचं सोयरं नाही. ते म्हन्ते तेच खरं." मी सासरी नेलेली पुस्तकं पहिल्याच हिवाळ्यात बंबात गेली.

शेवटच्या आजारात भेटायला गेले, तर दादानं माझा हात धरला. "मशीननं तुले चांगलं घर पाहून देल्लं, नाही?" तो थट्टा करत नव्हता. इतकी वर्षं लोकांना सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. मरणाऱ्या माणसाला हो म्हणावं, एवढं मलाही कळतं.

"मशीननं जानेफळ देल्लं होतं, दादा. धामणगाव तू देल्लं."

त्यानं हात सोडला, भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझा जीव होता त्याच्यावर, म्हणून तर राग इतका टिकला…

तेरवीनंतर वहिनी मला त्याच्या खोलीत घेऊन गेली. यंत्र कधीचंच बंद पडलंय, पण त्यावरचा विणलेला रुमाल ती अजून रोज झटकते.

"ताई, तुमीच सांगा. ठेवू का काढून टाकू?"

त्या घरात कुणी माझ्यावर काही सोपवायची ही पहिलीच वेळ. मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"भंगारवाल्याले द्या."

"हाव," वहिनी म्हणाली. रुमाल पुन्हा नीट अंथरला. "पोराईले विचारून पाहीन."