जाऊबाईंच्या तलंगा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना त्यांचा मुलगा दर फोनला एकच सांगायचा, "आई, कोंबड्या विक आणि माझ्याकडे ये." त्या "बघू" म्हणायच्या आणि फोन माझ्या हातात द्यायच्या. मग मी त्याला गोड बोलून वाटेला लावायचे. जाऊबाई गेल्या तर एवढ्या घरात मी भांडणार कुणाशी?

थोरले दीर गेल्यापासून मागच्या अंगणातल्या कोंबड्या त्या एकट्याच बघत. अंडी कोपऱ्यावरच्या बेकरीत जात. यंदा जुन्या कोंबड्यांची अंडी रोडावली, म्हणून त्यांनी तलंगा आणल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. का आणल्या ते त्यांनाच ठाऊक. सवयीने आणल्या असतील. गुडघे तर कधीच संपावर गेले होते.

खुराड्यात मधोमध जाळी ठोकली. अलीकडे जुन्या, पलीकडे नव्या, दोघींना दारं वेगळी. एकमेकींना नुसतं बघून घ्यायचं, चोच लावायची नाही. खाद्यही वेगळं, कारण अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो कोवळ्या पोरींना बाधतो. म्हणजे दोन बादल्या, दोन खेपा. असं महिनाभर तरी रेटायचं असतं. जाऊबाईंनी पंधरवड्यातच जाळी उपटली आणि तलंगांचं दार फळी ठोकून बंद केलं.

"कंटाळा आला गं दोन बादल्यांचा," त्या म्हणाल्या. शिंपले त्यांनी वेगळ्या ताटलीत ठेवले, ज्यांना हवे त्या खातील. पण त्यांच्या तोंडून कंटाळा हा शब्द ऐकून मी चरकले.

जुन्यांमध्ये एक लाल, जाड मानेची होती. तिला आम्ही फौजदारीण म्हणायचो. तिने पहिल्याच दिवशी एका तलंगेचं डोकं रक्तबंबाळ केलं. रक्त दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात. जाऊबाईंनी फौजदारणीला उचललं आणि माझ्या न्हाणीघरात डालग्याखाली कोंडलं. चार दिवस वनवास झाला की तोरा उतरतो म्हणे. तिचा उतरला की नाही देवाला माहीत, माझी झोप मात्र उतरली.

दिवसाची मारामारी थांबली. संध्याकाळी नवंच लचांड! जुन्या आपल्या दाराने आत जायच्या आणि तलंगा त्या बंद फळीला चिकटून उभ्या. जुन्यांचं दार उघडं ठेवलं, कंदील लावला, दाणे टाकले, पण फळीपासून हलतील तर शपथ. तिथेच सोडलं तर मांजर टपलेलं. मग जाऊबाई वाकायच्या, एकेक पोर उचलायच्या आणि आत दांडीवर नेऊन बसवायच्या. शेवटीशेवटी भिंत धरून उभ्या राहायच्या. मी हात लावायला गेले की, "तुझ्याने नाही व्हायचं," म्हणायच्या.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत आपण होऊन आत गेल्या तर ठेवीन. नाहीतर कोंबड्या विकत नेणाऱ्या गाडीवाल्याला बोलव. जुन्या, नव्या, सगळ्या देऊन टाकू."

मी मनातल्या मनात तलंगांच्या हातापाया पडले.

शनिवारी सकाळी फौजदारणीला सोडलं. तिची जागा दुसरीनेच बळकावली होती. दिवसभर बिचारी मागे मागे राहिली. संध्याकाळी जुन्यांनी तिला दारातून हुसकलं, तर ती जाऊन तलंगांच्यात उभी राहिली, त्याच फळीपाशी. अंधारून आलं. जुन्या दांडीवर चढल्या. तशी फौजदारीण वळली आणि भिंतीच्या कडेकडेने चालत उघड्या दाराने आत गेली. तिच्यामागे एक तलंग. मग दुसरी. मग सगळ्याच.

"जमलं की ताई!" मी जवळजवळ ओरडलेच.

जाऊबाई पालथ्या बादलीवर बसल्या होत्या आणि रडत होत्या. आधी मला वाटलं, आनंदानेच.

"मला वाटलं होतं, नाही जमणार," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सुंठेवाचून खोकला जाईल. मला आता नको झालंय, हे कुणाला तोंडाने सांगावं तरी लागणार नाही."

इतके दिवस मी देवाकडे नेमकं उलटं मागत होते.

"मग बोलवू गाडीवाल्याला?" मी कसंबसं विचारलं.

"आता कसं बोलवायचं? शहाण्यासारख्या आत गेल्यात ना त्या." त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि उठायला माझ्याकडे हात मागितला.

मी त्यांना उठवलं. दाराला कडी घातली.

"उद्यापासून खाद्याचं मी बघते," मी म्हटलं.

त्या नको म्हणाल्या नाहीत.