आवरलेलं शेत

आमच्या तालुक्याच्या गावी तलाठी चावडीत बसूनच पीकपेरा लिहितो, असं लोक म्हणत. खरं-खोटं मला माहीत नाही, कारण आमच्याकडे शेतच नव्हतं. वडील शाळेत शिपाई होते, आई ब्लाउज शिवायची आणि घरातली पहिली पदवी माझी. पीकपेरा म्हणजे नेमकं काय, हे मी शिकले ते नॉर्थ कॅरोलिनात, काउंटीच्या शेती कचेरीत, काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून.

काका-काकू माझे नात्याने कोणी नाहीत. मी इथे शिकायला आले त्या पहिल्या दिवाळीत महाराष्ट्र मंडळाच्या फराळाच्या रांगेत काकूंनी मला विचारलं, जेवतेस कुठे? मी म्हटलं, करते काहीतरी. त्या ‘काहीतरी’वर त्यांचा विश्वास बसला नाही. पुढच्या शनिवारी काका मला होस्टेलवरून न्यायला आले, ते पुढे शिक्षण संपेपर्यंत येत राहिले. नोकरी लागल्यावर मी कॅरी गावात त्यांच्या जवळच घर घेतलं, ते काही केवळ ऑफिस जवळ म्हणून नव्हे.

काका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते. काकू त्यांच्या व्हिसावर आल्या आणि त्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. परवानगी मिळाली तोवर मुलगी कॉलेजात गेली होती आणि काकूंचा बी.एस्सी.चा अभ्यास त्यांच्या स्वतःच्याच लक्षात राहिला नव्हता. काका रिटायर झाल्यावर त्यांनी शहराबाहेर थोडी जमीन भाड्याने घेतली. भेंडी, गवार आणि दुधी. माल आसपासच्या भारतीय दुकानांत जायचा. सगळी कागदपत्रं काकूंच्या नावावर होती. हा हट्ट काकांचा. ते म्हणत, मी मजूर, मालकीणबाई त्या.

इथली पद्धत अशी, की काय पेरलं आणि कुठे पेरलं हे शेतकऱ्याने स्वतः जाऊन, ठरलेल्या मुदतीच्या आत कचेरीला सांगायचं. मुदत चुकली की त्या वर्षीच्या योजना, मदत, कर्ज, सगळ्यालाच अडचण. कचेरीतली मुलगी आकाशातून काढलेला शेताचा फोटो छापून टेबलावर ठेवते आणि त्यावर आपण खुणा करायच्या. पहिल्या वर्षी काकू त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही बघ आपली गाडी. म्हणजे त्या दिवशी आपण होतो गं तिथे.” मग कितीतरी वेळ त्यांनी पेन उचललंच नाही. कचेरीतल्या मुलीने घाई केली नाही. मी तिला तेव्हाच मनातून धन्यवाद दिले होते.

भाजीपाल्याला नेहमीचा पीकविमा मिळत नाही, म्हणून सरकारची एक वेगळी योजना आहे. तीत प्रत्येक पिकाची आधी नोंद करायची, थोडी फी भरायची. वादळाने, पावसाने पीक गेलं तर ताबडतोब कळवायचं. मग कचेरीचा माणूस येऊन बघतो आणि भरपाई ठरते. काकूंनी तिन्ही पिकं नोंदवली होती.

आणि त्या वर्षी सप्टेंबरात वादळ आलं. समुद्रावरून येईतो त्याचा जोर ओसरला होता, पण पाऊस थांबेना. कॅरीत आमचं काही बिघडलं नाही, दोन दिवस वीज गेली एवढंच. शेतात मात्र पाणी साचून राहिलं. भेंडी आडवी झाली, गवार मुळातून कुजली आणि दुधीचा मांडव तारांसकट जमिनीवर बसला.

त्या आठवड्यात मुलीचा टेक्सासमधल्या शुगर लँडहून रोज फोन येत होता. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिच्याकडे खालच्या मजल्यावर खोली होती, नातवंडं होती आणि काकांचा गुडघा दुखत होता. काकांनी एका संध्याकाळी चहा पिताना हिशेब सरळ मांडला. भरपाई मिळाली तर पुढच्या वर्षीचं बियाणं आणि जमिनीचं भाडं सुटतं, मग शेत ठेवू. नाही मिळाली तर जमीन सोडायची आणि टेक्सासला जायचं. काकूंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला, मी नको म्हणत असतानाही.

कचेरीला फोन काकांनी केला. त्यांना मुदतीची धास्ती होती, म्हणून त्या फोनवरून त्यांनी दोनच गोष्टी मनात ठेवल्या. वेळेत कळवलं गेलं आणि मंगळवारी सकाळी कोणीतरी पाहायला येणार. समोरच्याने आणखी काही सांगितलंही असेल.

मंगळवारी कोणीतरी येणार म्हटल्यावर काकूंनी शेताकडे नजर टाकली आणि त्यांना लाज वाटली. खरंच लाज. चिखल, कुजका वास, आडवी झाडं. त्या म्हणाल्या, “सरकारचा माणूस दारात येणार आणि आपण त्याला हा उकिरडा दाखवायचा?”

आम्हाला कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. पाहुणे येण्याआधी घर आवरायचं, हे शिकवावं लागत नाही. मंडळाच्या ग्रुपवर निरोप गेला आणि रविवारी सकाळी गाड्यांची रांग लागली. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, एरवी लॅपटॉपपुढे बसणारे सगळे गुडघ्यापर्यंत पँट दुमडून चिखलात उतरले. कोणी डबाभर पोहे आणले होते. एकजण सारखा विचारत होता, यार, गवार कुठली आणि तण कुठलं? त्याला सांगितलं, दोन्ही उपट. भेंडीची झाडं मुळासकट निघाली, गवार निघाली, सगळं कुंपणापलीकडे नेऊन टाकलं. दुधीच्या मांडवाच्या तारा कापायला पक्कड कमी पडली, म्हणून तो पुढच्या रविवारवर ठेवला. संध्याकाळी काकूंनी वाफ्यांवरून दाताळं फिरवलं. शेत अंगणासारखं दिसत होतं.

मंगळवारी मी अर्धा दिवस सुट्टी घेतली. कचेरीतून आलेल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या, उंच, पायात रबरी बूट, बोलणं संथ, दक्षिणेकडचं. त्यांनी काकूंशी हात मिळवला, वादळाची चौकशी केली आणि शेताच्या कडेला येऊन थांबल्या.

“मॅम, भेंडी कुठे आहे?”

काकूंनी हसून दोन्ही हात पसरले आणि इंग्रजीत सांगितलं, सगळं साफ केलं, तुम्ही येणार म्हणून.

बाईंनी डोक्यावरची टोपी काढली. मग त्यांनी शांतपणे समजावलं. गेलेलं पीक जागेवर असलं पाहिजे. किती झाडं होती, किती मेली, हे त्यांनी स्वतः मोजल्याशिवाय त्यांना लिहिता येत नाही. उपटून टाकलेल्या ढिगावरून नोंद चालत नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकायला जड जात होतं.

मी काकूंना मराठीत सांगायला गेले. त्यांनी हाताने थांबवलं. त्यांना समजलं होतं.

“खरकटं ताट कोणी पाहुण्यापुढे ठेवतं का?” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

काका मागे उभे होते. ते म्हणाले, “ताट नव्हे गं. अंत्यदर्शन होतं. आपण आधीच उरकून मोकळे झालो.”

काकूंना हसू आलं आणि हसतानाच डोळे भरले. बाईंनी मला विचारलं, ते काय म्हणाले? मी जमेल तसं सांगितलं. त्याही हसल्या, मग त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही. त्यांची आईसुद्धा, त्या म्हणाल्या, डॉक्टर घरी यायचा असला की आधी उठून पलंगपोस बदलायची, अंगात ताप असताना.

मग त्या ढिगापर्यंत चालत गेल्या. नोंदीत धरता येणार नाही हे सांगूनही गेल्या, फोटो काढले, परत येऊन दुधीच्या मांडवापाशी चिखलात बसल्या आणि वेलीवेलीपाशी थांबून नीट मोजलं. दुधीचं लिहिता येईल, म्हणाल्या. भेंडी आणि गवारीचं नाही. काकूंनी चहा-चिवडा मांडला होता. बाईंनी चिवडा घेतला नाही, नियमात बसत नाही म्हणाल्या, पण पाणी घेतलं आणि गाडीत बसताना विचारलं, की हिवाळ्यासाठी काही पेरणार आहात का. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका गुडघा चोळत होते.

गाडी गेल्यावर आम्ही तिघं चिवड्यापाशी बसलो. एका दुधीवर पुढचं वर्ष निघणार नव्हतं, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. काकूंनी चिवड्याचा डबा बंद केला आणि म्हणाल्या, मुलीला सांगा, दिवाळीनंतर येतो म्हणून. अगदी साध्या आवाजात, दूध आणायला सांगावं तसं. ज्या बाईने मला कधी उपाशी झोपू दिलं नाही, तिच्या हातातला डबा मी घेतला, एवढंच मला सुचलं.

काका उठले. आधी मला वाटलं गाडीकडे चाललेत. ते वाफ्यात गेले, खाली वाकले, मूठभर माती उचलून बोटांत चुरली. मग तिथूनच मोठ्याने म्हणाले, “अगं, वापसा येतोय. शनिवारपर्यंत पेरता येईल.”

काकू म्हणाल्या, काय पेरता येईल, आणि कशासाठी.

“मेथी. आजूबाजूच्या सगळ्यांची शेतं अजून आडवी पडलीत, त्यांना महिनाभर आवरायलाच लागेल. आपलं आवरून झालंय ना.” ते परत येऊन काकूंसमोर उभे राहिले. “दुकानवाल्यांना थँक्सगिव्हिंगच्या आत ताजी मेथी कोण देणार दुसरं? दुधीची भरपाई आणि मेथीचे पैसे मिळून जमिनीचं भाडं निघेल.”

“आणि गुडघा?”

“गुडघा टेक्सासमध्येही दुखेलच की.”

काकूंनी पदराने नव्हे, शेजारी पडलेल्या कामाच्या हातमोज्याने डोळे पुसले आणि गालावर मातीचा पट्टा उठला. काकांनी तो सांगितला नाही. मीही नाही.

शनिवारी मेथीचं बी पडलं. मंडळातले चार-पाच जण पुन्हा आले, आणि गवार न ओळखणारा तो मुलगा या वेळी हौसेने बी फेकत होता, फार दाट. काकूंनी त्याच्या मागून चालत ते विरळ केलं. मुलीला फोन काकांनी केला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, फक्त शेवटी “मेथी तुलाही पाठवतो” एवढं ऐकू आलं.

सोमवारी सकाळी काकूंचा मला ऑफिसात फोन आला. कचेरीचा नंबर हवा होता. मी म्हटलं, मी करू का, हिवाळी पिकांच्या नोंदीला अजून खूप अवकाश आहे. त्या म्हणाल्या, नको, नंबर दे फक्त. काका त्या वेळी शेजारीच होते. ते नंतर मला सांगत होते, की काकूंनी आरशासमोर उभं राहून, केस नीट करून फोन लावला. आणि मग आपल्या इंग्रजीत, एकेक शब्द जागेवर ठेवत, त्या बाईंना स्वतः म्हणाल्या, मी पेरलंय, तुम्ही लिहून घ्या, आणि या वेळी काही झालं तर तुम्ही येईपर्यंत मी एक काडीसुद्धा हलवणार नाही.