ठोसा मारणारं जॅकेट

सगळी गल्ली त्याला ठोसेवाला म्हणायची. तरुणपणी त्याने व्हीआर गेमसाठी जॅकेट बनवलं होतं. गेममधल्या शत्रूने मारलं की जॅकेट खरोखर मारायचं. चाचणीत आतल्या अवजड मोटरने एकाची बरगडी मोडली आणि त्याच्या कंपनीने ते अडगळीत फेकलं.

आता तशा मोटर बोटाएवढ्या झाल्या, म्हणून कंपनीच्या नव्या मालकाने ते पुन्हा काढायला लावलं. ठोसेवाल्याची थोरली बहीण ते घालून उभी राहिली. शत्रूने हात उगारला आणि जॅकेटने असा दणका हाणला की ती तोंडावर कोलमडली, ओठ फाटून रक्त आलं.

"मेल्या, हा तर बाबांचा ठोसा!" ती किंचाळली.

त्याने मान खाली घातली. जोर ठरवताना त्याला दुसरं मापच ठाऊक नव्हतं.

मालकाने विचारलं, "आज खपेल का हो?"

"खपेल की," ती रक्त पुसत म्हणाली. "ज्यांना घरी असा मार फुकट मिळाला नाही, ते घेतील हौसेने विकत."