शिळ्या पाण्याच्या दोन बादल्या

कांताबाई मेश्रामांच्या घरी चहा मिळो न मिळो, ताजं पाणी हमखास मिळायचं. तांब्या घासून, नळाचं नवं पाणी भरून, मगच पाहुण्यापुढे. कालचं पाणी त्यांच्या लेखी पाणीच नव्हतं. कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत सकाळी नळ आला रे आला, की आदल्या दिवशीचं सगळं ओतायचं, पिंप घासायचं आणि नव्यानं भरायचं. शिळं पाणी सगळेच ओततात म्हणा, पण एवढी घाई दुसऱ्या कुणाला नसायची.

त्याला कारण होतं. भंडाऱ्याकडच्या गावात लहानपणी विहिरीपासून लांब, घागर घेऊन उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओतणार, तेही उरलंसुरलं. लग्न होऊन पुण्यात आल्या आणि खोलीतला स्वतःचा नळ पहिल्यांदा सोडला, तेव्हा ही बाई ढसाढसा रडली होती. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी कुणाच्या दारात पाणी मागितलं नाही.

लेक दीक्षा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली आणि पहिल्या पगारात काचेची टाकी घेऊन आली. आत सहा मासे, बोटाएवढे, ठिपक्यांचे, मिशाळ. कोरी म्हणतात म्हणे, मूळचे दक्षिण अमेरिकेतले.

"एवढासा मागूर? याचं कालवण तरी काय व्हायचं!" कांताबाई म्हणाल्या. पण जीव लागलाच. कुणाच्या अध्यात ना मध्यात असले गरीब मासे! सहाही जण तळाची वाळू हुंगत एकत्र हिंडणार, मध्येच एखादा सरकन वर येऊन हवेचा घोट घेणार, की परत खाली. आणि डोळा मिचकावायचे, खरंच.

मग कंपनीनं दीक्षाला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला धाडलं. जाताना तिनं बजावलं, "आई, आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलायचं. तेही एक दिवस शिळं केलेलं. मी येईन तेव्हा सहाच्या सहा दिसले पाहिजेत."

पहिला महिना हे काम तिच्या वडिलांनी, सुखदेवरावांनी केलं. मग कारखान्यात त्यांना सकाळची पाळी लागली आणि टाकी कांताबाईंच्या हाती आली. आता काय सांगावं! लेकीच्या जिवांना शिळं पाणी द्यायचं, हे त्यांच्या मनाला पटेचना. गुरुवारी पाणी बंद होतं. शुक्रवारी सकाळी नळ धो धो आला, औषधाचा वास मारत. कांताबाईंनी घरातलं होतं नव्हतं ते शिळं पाणी ओतलं, मासे वाडग्यात काढून टाकी रिकामी केली, वाळू घासघासून धुतली आणि काठोकाठ ताजं पाणी भरलं.

"प्या रे बाबांनो पोटभर," म्हणाल्या.

पाच मिनिटांत मासे वेडेपिसे झाले. सगळे वर, तोंडं उघडी, एक तर चक्क आडवा. ज्या दुकानातून मासे आणले, त्या नारायण पेठेतल्या दत्तप्रसादांचा नंबर दीक्षानं टाकीला चिकटवून ठेवला होता. कांताबाईंनी तो फिरवला.

"दुकान दहाला उघडतं," पलीकडून आधी हेच ऐकवण्यात आलं. मग सगळी हकीकत ऐकून, "अहो बाई, मासे आहेत ते, दिवाळीची भांडी नव्हेत! नळातल्या औषधानं कल्ले भाजताहेत त्यांचे. शिळं पाणी घ्या, उघडं राहून औषध उडालेलं, आणि त्यात सोडा. आत्ताच्या आत्ता."

शिळं पाणी! घरात थेंब नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या ललिता दातार पिंप सावकाश रिकामं करतात, हे त्यांना ठाऊक होतं. बादली उचलून त्या निघाल्या आणि चौथ्या पायरीवर पाय अडले. ती विहीर, ती घागर, ते लांब उभं राहणं, सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं. पण खाली जीव तडफडत होते. वाजवली बेल.

"ललिताताई, पाणी द्या. शिळं."

"शिळं? छे हो, तुम्हाला शिळं कसं देऊ? थांबा, नळ चालूच आहे."

"शिळंच द्या हो!" कांताबाईंना रडू फुटलं. "मासे मरताहेत माझे!"

मग मात्र ललिताताई लगेच पिंपाकडे वळल्या. एक बादली भरून कांताबाईंच्या हाती दिली, दुसरी स्वतः उचलली आणि पदर खोचून त्यांच्या मागोमाग जिना उतरल्या.

दोन मासे गेले. चार वाचले, संध्याकाळी पुन्हा वाळू हुंगायला लागले.

रविवारी दीक्षाचा फोन आला. कांताबाईंनी काही लपवलं नाही. "चारच राहिले गं. चूक माझीच." मग नळापासून ललिताताईंच्या दारापर्यंत सगळं सांगून टाकलं. पोर रागावणार, असं त्यांना वाटलं.

"आई," दीक्षा हळूच म्हणाली, "तू पाणी मागायला गेलीस?"

"गेले की. जीव होता बाई त्यांचा." कांताबाईंनी डोळे पुसले. "आणि ऐक, एक बादली त्यांनी स्वतः उचलून आणली. आपल्या घरापर्यंत."