ढोल निर्दोष सुटला

काल नाशिकरोडला जयंतीच्या मिरवणुकीत सलग तीन तास ढोल वाजवला... आणि डोकं दुखलं नाही! यात एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या कॉलनीतल्या बायकांचं ढोलपथक आहे. दोन वर्षं मागच्या रांगेत वाजवल्यावर यंदा मला पहिली रांग मिळाली होती. आणि नेमकं सराव सुरू झाला तसं डावीकडचं डोकं ठणकायला लागलं... कळ मागून निघायची आणि थेट डाव्या डोळ्यामागे येऊन बसायची.

निकाल सगळ्यांनी लगेच लावून टाकला. ढोल! एवढ्या दणदणाटात डोकं दुखणार नाही तर काय होणार? ऑफिसात हेच, शेजारी हेच, नवऱ्याचंही हेच. सासूबाई घोटीकडच्या, बोलणं रोखठोक. "लय झालं तुझं ढोल ढोल. डोकं फुटल्यावर सोडशील का?"

पण मी हट्टी. चष्म्याचा नंबर तपासला, ठीक. सायनसचा एक्स-रे काढला, तोही ठीक. अर्धशिशी असेल म्हणून सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाल्ली आठवडाभर... वजन वाढलं, डोकं होतं तसंच. कानात कापसाचे बोळे घालून सराव केला, तरी दुखलं. तेव्हाच शंका यायला हवी होती, नाही आली.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मला रागच आला. दुखतंय डोकं, आणि मला व्यायामाला पाठवतात?

त्या मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान. पहिला प्रश्न, "काम काय करता?" ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघते, म्हटलं. दिवसभर ड्रायव्हर लोकांचे फोन, उजव्या हातानं लिहायचं असतं, म्हणून मोबाईल असा... आणि डावा कान आणि खांदा यांच्यात फोन कसा दाबून धरते ते मी मान वाकडी करून दाखवलं. त्या हसल्या. उठून माझ्या मागे आल्या आणि मान जिथे डोक्याला मिळते तिथे डावीकडे अंगठ्यानं दाबलं.

डोळ्यामागे तीच कळ! अगदी तीच. मी ओरडलेच, "हेच ते, हेच!" दुखत असताना इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

मानेतून उठणारी डोकेदुखी खूप कॉमन आहे म्हणे. "पण लोक मान दाखवायला येतच नाहीत, डोकं धरून येतात," असं त्या म्हणाल्या. नऊ वर्षं तो फोन, आणि वर यंदाच्या जास्तीच्या सरावात ढोलाचा पट्टाही त्याच खांद्यावर. आवाजाचा काडीचा संबंध नव्हता.

तीन आठवडे ढोल बंद, रोज मानेचे व्यायाम, फोनला इअरफोन. पथकप्रमुख शीतलताईंनी माझी जागा राखली, पण अट घातली... मिरवणुकीआधी दोन तास पूर्ण वाजवून दाखवायचं, नाहीतर पहिल्या रांगेत माझ्याऐवजी दुसरी कोणीतरी. मी रोज सरावाला जाऊन ढोलांच्या मधोमध उभी राहायचे आणि हनुवटी आत, खांदे मागे असे व्यायाम करायचे. बायका हसून हसून ठेका चुकायच्या. त्या सगळ्या दणदणाटात डोकं मात्र शांत! मग पट्टा सैल केला, ढोलाचा भार कमरेवर घेतला आणि ताईंचे ते दोन तास वाजवून दाखवले.

काल निळा फेटा बांधून पहिल्या रांगेत होते. तळहाताला फोड आले, घसा बसला, पाय बोलायला लागले... डोकं एकदम स्वच्छ. सासूबाई पाण्याची बाटली घेऊन संपूर्ण मिरवणूकभर फुटपाथनं बरोबर चालत होत्या. नजर सारखी माझ्या चेहऱ्यावर.

ढोल उतरवला तशा जवळ आल्या. "दुखतंय?"

"नाही आई, जरासुद्धा नाही!" मी जवळजवळ नाचतच होते. आता शाबासकी मिळणार, असं वाटलं. त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली... मग हळूच म्हणाल्या, "मंग मला बी ने त्या डॉक्टरणीकडं. भाताची रोपं लावायला, आवणीला वाकायचे ना, तव्हापासून दुखतंय डोकं. मला वाटायचं, समद्याच बायांचं दुखत असंल."

बारा वर्षं एका घरात राहतोय आम्ही. माझ्या डोक्यासाठी मी अख्खं नाशिक पालथं घातलं आणि त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. फार लाज वाटली मला.

सोमवारची वेळ घेतली आहे, दोघी जातोय. मॅडमना आणि शीतलताईंना मनापासून थँक्यू... आणि तुमच्या घरात कोणी न बोलता कपाळ दाबत बसत असेल, तर आजच विचारा, कधीपासून दुखतंय?