पाणी दोनदा गेलेला तुकडा

भुताखेतांच्या गोष्टी मी चहासोबत ऐकते आणि कप विसळताना विसरते. कणभौतिकीत पीएचडी करते, त्यामुळे पुरावा दाखवा मग बोला, ही सवयच लागलीय. तरी हे लिहितेय...

पलूसला आमच्या घरी, माडीवरची खोली, दुपारचे अडीच. चार वाजता ऑनलाइन मीटिंगमध्ये माझा निकाल दाखवायचा होता. आलेखावर चक्क उंचवटा आला होता – नव्या कणाची खूण असू शकते असा! तीन वर्षांची मेहनत फळाला आली म्हणून मी हवेत होते.

आमचा डेटा एका कॉम्प्युटरला झेपत नाही. त्याचे नऊशे तुकडे करून ग्रिडवर, म्हणजे देशोदेशीच्या कॉम्प्युटरांना वाटून द्यायचे आणि आलेली उत्तरं जोडायची. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे मागेच समजलं होतं. ते निवृत्त पाटकरी. जन्मभर कालव्याचं पाणी पाळीनं रानांना सोडलं. "मंजी पाळ्याच की गं! फकस्त एका रानाला दोनदा पानी जाऊ दिऊ नगंस," म्हणाले होते.

तर मी स्लाइड्स करत होते. आप्पा बशीतून चहा पीत आत आले, स्क्रीनवरच्या तुकड्यांच्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं दोनदा गेलंय बघ, पोरी." बशी खिडकीत ठेवून खाली गेले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मला हसू आलं, पण तपासलं... तुकडा ४१७. एका ठिकाणी अडकलाय असं समजून मी तो पुन्हा पाठवला होता. नंतर दोन्ही उत्तरं आली आणि मी दोन्ही जोडली. आमच्या मोजक्या दुर्मीळ नोंदींतल्या बऱ्याचशा नेमक्या त्याच तुकड्यात होत्या. एक प्रत काढून टाकली, उंचवटा सपाट! जरा रडू आलं. पण चार वाजता सगळ्यांसमोर व्हायची ती शोभा टळली.

मीटिंग संपल्यावर आप्पांना सांगायला खाली धावले. आई म्हणाली, "अगं, ते सकाळीच ताईकडं वडूजला गेल्यात न्हवं?" व्हिडिओ कॉल लावला. मागं ताईचं अंगण, मांडीवर नातू. "मी? दुपारी हितंच जेवून आडवा झालो. का गं?"

बशी मात्र खिडकीत होती. ओली. घरात बशीतून चहा पिणारे ते एकटेच.

वर्ष होत आलं. ग्रिडवर एकच गोष्ट दोनदा आली, तर मी एक पुसून टाकते. या दोन आप्पांपैकी मात्र एकही पुसायचा नाहीये मला.